हेरिंगची भिंत

शुक्रवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर, खारवलेल्या हेरिंग माशांची बशी आणि काळ्या राय-पावाची टोपली यांच्या मधोमध वाल्बोर्ग आत्यानं ते वल्हं आणून ठेवलं, तेव्हाच सगळे समजले की यंदा नुसत्या चुन्यावर भागणार नाही.

वल्हं तसं काही बघण्यासारखं नव्हतं. हे घर बांधणाऱ्या कॅप्टन स्टेगरच्या होडीतलं, अर्ध्यात मोडलेलं, चुन्यात इतकं मुरलेलं की मूळ लाकूड कोणतं होतं हे आता कुणी सांगू शकलं नसतं. पण चार पिढ्या, ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणाऱ्या पिन्सेच्या सणाआधी या घराला चुना लागायचा तो याच वल्ह्यानं ढवळून. वल्हं ज्याच्या ताब्यात त्याचं घर, हे स्टेगरांच्यात प्रत्येकाला न सांगता माहीत होतं. गेली एकतीस वर्षं ढवळायची आत्याची भाची बोडिल, पण काम झालं की वल्हं धुऊन पुसून आत्याच्या खोलीत परत जायचं. एक रात्रही ते बाहेर राहिलं नव्हतं. आज ते माशांशेजारी पडलं होतं.

"आत्या, अगं जेवायच्या टेबलावर?" उल्ला म्हणाली. उल्ला ही प्रेबेनची बायको, कोपनहेगनची. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली तरी या घरातल्या थंडीला तिनं माफ केलं नव्हतं.

"मला ब्याऐंशी झाली," आत्या म्हणाली. "यंदा मी हे कायमचं कुणाच्यातरी हातात देणार. सणाच्या दिवशी, कॉफीच्या वेळी."

बोडिलच्या हातातली सुरी थांबली. तिच्या थोरल्या भावाची, प्रेबेनची, मात्र थांबली नाही. त्यानं पावावर लोणी शेवटपर्यंत नीट फासलं आणि मग घसा खाकरला. तो दातांचा डॉक्टर होता आणि वाईट बातमी सांगायच्या आधी असाच खाकरायचा.

"तेच बोलायला आलोय मी. डबे गाडीत आहेत."

"कसले डबे?"

"रंगाचे. चुना नाही, रंग. भिंतीचा टवका नेला होता मी ईस्टरला. दुकानातल्या यंत्रानं हुबेहूब तोच पिवळा काढून दिला. दहा वर्षांची हमी आहे, आत्या! दरवर्षी सुट्ट्या काढून बादल्या घेऊन नाचायला नको. उन्हाळ्यात घर पाहुण्यांना देता येईल. तुझी खोली तुझीच राहील, त्याला कोण हात लावतंय."

"दहा वर्षं," आत्या म्हणाली. "एवढी हमी माझा डॉक्टर माझी देत नाही."

आस्ता फस्सकन हसली. ही प्रेबेन-उल्लाची एकुलती एक, सव्वीस वर्षांची. सणाला येते म्हणाली होती, ती दोन मोठ्या बॅगा घेऊन आली होती आणि परत कधी जाणार हे विचारलं की खिडकीबाहेर बघायची.

"बाबा, जुन्या भिंतीला श्वास लागतो. बोडिलआत्या नेहमी सांगते. हो ना गं?"

सगळ्यांनी बोडिलकडे पाहिलं. आता ही भावाला सोलून काढणार, याची प्रत्येकाला खात्री होती. चोपन्न वर्षांची बोडिल, बेटावरच्या शाळेतली बाई, चुन्याच्या बाबतीत गल्लीत तिचा शब्द शेवटचा.

"रंगसुद्धा वाईट नसतो हल्ली," बोडिल म्हणाली आणि तिनं काकडी चिरायला घेतली.

आस्तानं हातातला पाव खाली ठेवला. बाहेर बंदरात बोट लागली.

बोडिलच्या मनात काय चाललं होतं ते त्या टेबलावर कुणालाच ठाऊक नव्हतं. समुद्रापलीकडे स्वेनबोर्गला तिसऱ्या मजल्यावर तिनं मार्चमध्ये एक फ्लॅट घेतला होता. लिफ्ट होती, सज्जा होता, आणि बोटीवरचा एब्बे होता, जो दर गुरुवारी तिच्यासाठी तिकीटखिडकीपाशी वाफाळत्या कॉफीचे दोन कप घेऊन उभा राहायचा. एक जूनला किल्ली मिळणार. फक्त एक वाक्य आत्याला सांगायचं राहिलं होतं, आणि ते वाक्य ती मार्चपासून नुसतं पाठ करत होती. आईमागं आत्यानं वाढवलं तिला. या घराला आजवर कुणी नको म्हटलं नव्हतं. वल्हं हातात पडलं की तिचं जाणं संपलं. आणि आता प्रेबेन आपल्या पायानं चालत आला होता, डबे घेऊन! बोडिलला त्याचा इतका लळा लहानपणीसुद्धा वाटला नव्हता.

"मग असं करू," आत्या म्हणाली. तिचे डोळे बारीक झाले की लहानपणी सगळी मुलं पळायची. "एकेक भिंत घ्या. एकीवर रंग, एकीवर चुना. उद्या लावा, परवा सगळे मिळून ठरवू. ज्याची भिंत चांगली, वल्हं त्याच्या हातात. चिठ्ठ्या टाकते."

तिनं पाकिटाच्या पाठीवर दोन चिठ्ठ्या लिहिल्या, घडी घातली, कपात हलवल्या. "बोडिल, तू धाकटी. तू आधी."

बोडिलनं उचलली. गल्लीकडची भिंत.

"म्हणजे प्रेबेनला अंगणातली," आत्या म्हणाली आणि उरलेली चिठ्ठी न उघडताच स्टोव्हमध्ये टाकली. ती का टाकली हे कुणी विचारलं नाही. दोन्ही चिठ्ठ्यांवर 'गल्लीकडची' असंच लिहिलेलं होतं, हे अर्थातच आत्या आपण होऊन सांगणार नव्हती.

अंगणाकडची भिंत म्हणजे मागच्या स्वयंपाकघराची. तिथं तीन पिढ्या हेरिंग खारवले गेले, पिंपांतलं मीठपाणी विटांत मुरलं. त्या भिंतीवर चुनासुद्धा दरवर्षी थोडा कुरकुर करून बसायचा, भिंतीचा श्वास कोंडणारा रंग तर ती एक दिवससुद्धा अंगावर ठेवणार नाही. हे प्रेबेनला माहीत असायला हवं होतं. पण चुन्याच्या आठवड्यात तो जन्मभर होडीत असायचा.

शनिवारी उजाडल्यापासून लख्ख ऊन पडलं. बोडिलला देवाचे आभार मानावेसे वाटले.

चुन्याला ऊन चालत नाही. भिंत आधी पाण्यानं चिंब करायची, सावली आली की लावायचा, दुधावरची साय काढल्यावर उरतं तितका पातळ. तिनं ठरवलं, आज हे सगळं उलट करायचं. चुना खिरीसारखा घट्ट, भिंत कोरडी ठणठणीत आणि वेळ भर अकराची. उद्यापर्यंत पापड होऊन गळून पडेल. कुणी काही बोललं तर म्हणायचं, वय झालं आता माझंही.

बागेतल्या खड्ड्यातून तिनं मुरलेला चुना काढला, चुन्याला रंग देणारी, गरम पाण्यात विरघळवलेली हिराकस ओतली आणि वल्ह्यानं ढवळायला लागली. घट्ट ठेवायचं, घट्ट, असं स्वतःला बजावत होती. पण हातानं कधी तांब्या उचलला, पाणी ओतलं, पुन्हा ओतलं, तिला कळलंसुद्धा नाही. खाली पाहिलं तर चुना अगदी हवा तसा झालेला. बोडिलनं हाताला मनातल्या मनात एक शिवी हासडली.

मग ती ब्रश घेऊन उन्हातल्या कोरड्या भिंतीसमोर उभी राहिली आणि डोळे मिटून पहिला हात मारला. भिंतीनं तो चर्रकन पिऊन टाकला.

"थांब, थांब, बोडिलआत्या!" आस्ता धावत आली. खांद्यावर बागेतली नळी, काखेत दोन पांघरुणाच्या चादरी. "ऊन आलंय बघ, तुला घाईत कळलं नाही. मी भिंत भिजवते. ही चादर ओली करून वर धरते, तिच्या सावलीत तू मार."

"अगं, कशाला एवढं? चालतंय."

"कुठं चालतंय! तूच शिकवलंयस मला. नऊ वर्षांची होते मी." आस्तानं शिडीला चादर बांधलीसुद्धा. "आणि ऐक, बाबांना मी जिंकू देणार नाही. आई फितवायला आली होती सकाळी, म्हणे मत बाबांना दे, तुझी गाडी दुरुस्त करून देतो. मी म्हटलं, गाडी गेली खड्ड्यात."

"गाडी दुरुस्त करून घे गं," बोडिल कळवळून म्हणाली.

पण पोरगी ऐकेना. चार तास तिनं चादरी ओल्या ठेवल्या, हात भरून आले तरी धरून राहिली. बोडिल तिच्या सावलीत आडवे-उभे हात मारत राहिली, नेहमीचे पाचही थर, कारण कुणी आपल्यासाठी चादर धरून उभं असताना काम बिघडवणं तिच्यानं होईना.

दुपारी उल्ला गल्लीत आली आणि किंचाळली. "अगं बाई! हे काय केलंत? हिरवं झालंय घर!"

खरंच हिरवं झालं होतं. साचलेल्या डबक्यासारखं.

"हिराकस आहे ती, आई," आस्ता म्हणाली. "हवा लागली की पिवळी होते. उद्या बघ."

"उद्या कशाला, आत्ताच प्रेबेन जिंकला," उल्ला म्हणाली आणि नवऱ्याला ही आनंदाची बातमी द्यायला मागे गेली. बोडिल ब्रश ठेवून तिच्या पाठोपाठ गेली, कारण आता प्रेबेनच काय तो तारणहार.

अंगणात प्रेबेन नव्याकोऱ्या सदऱ्यात, लांब दांड्याच्या रोलरनं भिंत रंगवून संपवत आला होता. भिंत कशी लख्ख, सपाट, पिवळीधमक. आपली भिंत बिघडवायच्या नादात बोडिल विसरली होती, पण ही भिंत उद्या काय करणार हे आता तिला दिसत होतं.

"प्रेबेन, ही हेरिंगची भिंत आहे. मीठ आहे आत. फुगेल उद्या."

प्रेबेननं रोलर खाली केला आणि बहिणीकडे बघितलं. "अच्छा. आणि मी काय करावं असं तुझं म्हणणं?"

"उत्तरेची भिंत घे. कोरडी आहे ती. अजून बराच उजेड आहे, मी मदत करते. पटकन एक हात मारू आपण. आत्याला म्हणू, बदलली."

"तू. मला. मदत करणार."

"हो."

प्रेबेन मनात म्हणाला, पन्नास वर्षं ओळखतोय मी हिला. लहानपणी माझ्या बुटात शेवाळ भरणारी हीच. हिची भिंत हिरवी झाली, घाबरली आहे, आणि आता मला माझी चांगली भिंत सोडून बोळातल्या अंधाऱ्या भिंतीवर पाठवतेय, जिथं कुणाला काही दिसणारच नाही. त्याला बहिणीची थोडी कीवच आली.

"छान प्रयत्न होता, बोडिल," तो प्रेमानं म्हणाला.

"अरे, मी खरं सांगतेय रे!"

"तू खरं सांगतेस तेव्हा तुझे कान लाल होत नाहीत."

बोडिलचे कान लाल झाले होते. रागानं. ती पाय आपटत निघून गेली आणि प्रेबेन शीळ घालत उरलेला कोपरा रंगवू लागला.

वरच्या मजल्यावर आपल्या खोलीच्या खिडकीत बसून वाल्बोर्ग आत्या हे सगळं बघत होती. या खिडकीची गंमत अशी की कोपऱ्यात असल्यामुळं गल्लीही दिसायची आणि अंगणही. म्हणून तर तिनं कधी खोली बदलली नव्हती.

सकाळपर्यंत ती खूश होती. प्रेबेनला हेरिंगच्या भिंतीवर धाडलं, बोडिलला सोपी भिंत दिली, उद्या वल्हं योग्य हातात पडणार. पण अकरा वाजता बोडिल भर उन्हात कोरड्या भिंतीवर चुना मारताना दिसली आणि वाल्बोर्गनं चष्मा पुसला. बोडिल? एकतीस वर्षांत हिनं एकदाही ऊन विसरलं नाही. मग आस्तानं चादर आणली तेव्हा बोडिलचा चेहरा पडलेला दिसला. पडलेला! आणि दुपारी ती भावाला उत्तरेची भिंत दाखवत हातवारे करत होती.

हिला जिंकायचंच नाहीये, हे वाल्बोर्गला कळायला फार वेळ लागला नाही. का नाही, हे मनात यायला मात्र संध्याकाळ झाली. ते आलं तेव्हा तिला राग आला, मग भीती वाटली, आणि मग एक फार जुनी गोष्ट आठवून ती खिडकीतून उठली आणि कपाटातले चांगले कप काढायला गेली. पोरीनं तोंड उघडायला हवं. उद्या तिच्यासमोर वल्हं धरायचं आणि बघायचं.

रविवारी चर्च सुटल्यावर सगळे अंगणात आले. गल्लीकडची भिंत त्यांनी येतानाच पाहिली होती. ती आता अशी सोनेरी झाली होती की शेजारची दोन माणसं टोप्या काढून उभी होती. उल्लानंसुद्धा जाता जाता ती बोटानं चाचपून पाहिली.

आणि अंगणातली भिंत. ऊन चढत होतं आणि भिंतीवर बशीएवढे फुगे आले होते, तळताना पुरीवर येतात तसे. प्रेबेन म्हणाला, काही नाही, हवा आहे, बसेल. त्यानं बोटानं एक फुगा दाबला. तो फुटला आणि आतल्या मिठाच्या पाण्याची पिचकारी थेट त्याच्या तोंडावर आणि चर्चच्या सदऱ्यावर उडाली.

"दहा वर्षांची हमी होती ना रे?" उल्ला म्हणाली. "अजून नऊ वर्षं आणि तीनशे चौसष्ट दिवस शिल्लक आहेत." आणि ती अशी हसत सुटली की तिला बाकावर बसावं लागलं. नवऱ्याच्या बाजूचा शेवटचा शिलेदारही फुटला.

"तू सांगितलं होतंस," प्रेबेन बहिणीला म्हणाला. त्याच्या नाकावरून पाणी ओघळत होतं. "तू खरंच खरं सांगितलं होतंस! का?"

बोडिलनं त्याला रुमाल दिला. आत्यानं रुबार्बचा केक आणि कॉफी बाहेरच मांडायला सांगितली, आणि सगळे बसले तसं वल्हं मांडीवरून उचलून बोडिलसमोर धरलं.

"घे. तुझं आहे."

बोडिलनं वल्ह्याकडे पाहिलं. हात आपोआप पुढं गेला, कालच्या तांब्याकडं गेला होता तसाच, आणि या वेळी तिनं तो दुसऱ्या हातानं धरून मागं ओढला.

"मला नको, आत्या."

उल्लाचं हसू थांबलं.

"मी स्वेनबोर्गला घर घेतलंय. एक तारखेला जातेय. एब्बे आहे तिथं. तू त्याला ओळखतेस, बोटीवरचा. मला तुला सोडून जायचं नव्हतं, पण जायचं आहे. मला फार जायचं आहे." एवढं बोलून ती रडायला लागली, आणि स्वतःवरच चिडली, कारण मार्चपासून पाठ केलेल्या वाक्यात रडणं कुठंच नव्हतं.

"ठाऊक आहे," आत्या म्हणाली.

"कधीपासून?"

"काल संध्याकाळपासून. सकाळी अकराला, भर उन्हात, कोरड्या भिंतीवर! तू वेडी झालीस किंवा चाललीस, दोन्हीपैकी एकच असणार. वेडी तू नाहीस." आत्यानं वल्हं टेबलावर ठेवलं, कपात साखर घातली, ढवळली, पुन्हा घातली. "पण तुझ्या तोंडून ऐकायचं होतं. काल रात्रभर मला वाटत होतं, तू म्हणशील तेव्हा मी रडेन. आता तूच रडतेयस, तर माझं राहिलं."

"आत्या..."

"सोळा वर्षांची होते मी, वडिलांनी हे हातात दिलं तेव्हा. मला हँबुर्गला जायचं होतं. शिवणकामाची शाळा होती तिथं, पत्रही आलं होतं. कुणी विचारलंच नाही. आणि तू तेवीसची झालीस तेव्हा मीही तुला विचारलं नाही. बादली दिली हातात." तिनं बोडिलचा हात धरला, नखांतल्या चुन्यासकट. "चूक झाली माझी. जा तू. दर गुरुवारी येशील की नाही तेवढं सांग."

"येईन. शनिवारीसुद्धा."

"शनिवारी कशाला, मला काय कामं नाहीत?"

प्रेबेननं घसा खाकरला. सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं तसा तो म्हणाला, "मी काही बोलत नाहीये. मी फक्त सदरा बदलायला जाऊ का विचारत होतो."

तेवढ्यात आस्ता उठून उभी राहिली. "मी घेते. थोरल्या आत्या, मी घेते वल्हं. नोकरी सोडलीये मी, खोलीही सोडलीये. माझ्या बॅगा वर आहेत. मला इथंच राहायचंय."

"नोकरी सोडलीस?" उल्ला आणि प्रेबेन एकदम म्हणाले, दोन दिवसांत पहिल्यांदाच एकमतानं.

"खाली बस," आत्या आस्ताला म्हणाली. "बस म्हणते ना. या घरात ही गोष्ट आजवर एकदाही नीट झालेली नाही, आता होऊ दे." तिनं वल्हं उचललं नाही, टेबलावरच राहू दिलं आणि दोन्ही हात मांडीवर घेतले. "आस्ता, तुला हे हवं आहे का?"

'हो' आस्ताच्या ओठांवर कालपासून तयार होतं. पण असं सरळ कुणी विचारलं की माणसाला उत्तर शोधावं लागतं. तिला हिवाळ्यातली बोट दिसली, वारा सुटला की बंद होणारी. तिनं बोडिलच्या हातांकडं पाहिलं, अंगठ्याच्या सांध्यापाशी कायमचे पांढरे झालेले. मग गल्लीकडून येणारा तो सोनेरी उजेड कोपऱ्यावरून अंगणात उतरलेला दिसला आणि तिला पुन्हा सगळं हवंसं वाटलं.

"एक वर्ष," ती म्हणाली. "एक वर्ष घेते. पुढच्या पिन्सेला मला परत विचार."

"पुढच्या पिन्सेला मी त्र्याऐंशीची होईन गं," आत्या म्हणाली. "मी असले तर विचारीन."

"असावंच लागेल," आस्ता म्हणाली. "या घरात विचारायची अक्कल अजून तुला एकटीलाच आलीये."

आत्यानं वल्हं टेबलावरून तिच्याकडं ढकललं.